मुंबईच्या गॅलरीतले पक्षी: दाणे कधी, पाणी कधी, फोटो कसा

पक्ष्यांना दाणे घालण्याबद्दल मोबाइलवर जे काही बघायला मिळतं, त्यातलं बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतलं असतं. तिथे डिसेंबर-जानेवारीत जमीन गोठते, किडे दिसेनासे होतात, दिवस जेमतेम आठ तासांचा उरतो आणि लांबलचक रात्र काढायला इवल्याशा पक्ष्याला अंगात चरबी लागते. अशा वेळी झाडाला टांगलेला फीडर खरोखर जीव वाचवतो. मुंबईत जानेवारी म्हणजे सुकाळ. पहाटे गारवा असतो, सावरीला कळ्या धरलेल्या असतात, उंबराला फळं असतात, किडे असतात. आपल्याकडच्या पक्ष्यांची ओढाताण होते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त गरज असते पाण्याची. म्हणून तिकडचं वेळापत्रक इकडे जसंच्या तसं लावलं की दाणे भरपूर जातात, कबुतरं भरपूर येतात आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा ते पक्षी काही फिरकत नाहीत.

मुंबईत अंगण फारच थोड्यांकडे उरलंय. बाकीच्यांकडे गॅलरी असते, खिडकीचं ग्रिल असतं, चाळीचा लांब सज्जा असतो, नाहीतर सोसायटीची गच्ची. एवढ्या जागेत काय ठेवलं की कोण येतं, का येतं आणि आलेल्याचा नीट फोटो कसा काढायचा, ते एकेक करून बघू.

दाणे घातल्यावर नेमकं काय होतं

कबूतर आणि चिमणी दोघंही दाणे टिपतात. पिल्लं वाढवण्याची रीत मात्र दोघांची अगदी वेगळी. कबुतराच्या नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत, म्हणजे क्रॉपमध्ये, दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो आणि पिल्लं पहिले काही दिवस त्यावरच वाढतात. मोठ्यांना दाणे मिळत असले की हा पदार्थ तयार होतो. किड्यांचा हंगाम, पावसाची वाट, कशाचीच गरज नाही. त्यामुळे वर्षभर दाणे मिळाले तर कबुतरं वर्षभर अंडी घालतात, एसीच्या मागे, पोटमाळ्यावर, डक्टमध्ये, मिळेल त्या कोपऱ्यात. चिमणीच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला दाणा पचत नाही. त्याला मऊ अळ्या, मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांवरचे बारीक किडे, इतर छोटे किडे लागतात आणि आईबाप दिवसभर तेच गोळा करत फिरतात. किडे नसतील तर दाण्यांचा ढीग शेजारी असूनही घरटं रिकामं राहतं.

रोज सकाळी कठड्यावर मूठभर ज्वारी टाकल्याचा परिणाम यावरून सरळ समजतो. ती ज्वारी कबुतरांची पुढची पिढी वाढवते. शिवाय कबूतर अंगाने मोठं, ते कठड्यावर बसलं की लहान पक्षी जवळ येत नाहीत. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासावाटे आत गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात आणि तो लांबला तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. याच कारणाने २०२५च्या जुलैमध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला. त्यावरून झालेला वाद सगळ्यांनी पाहिला. दाणे टाकणाऱ्यांची भूतदया खरी असते, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण एकाच जातीचे पक्षी माणसाच्या हातच्या दाण्यावर बेसुमार वाढवण्यात त्या पक्ष्यांचंही भलं नाही. गर्दीत रोग वेगाने पसरतात आणि आजारी, लंगडी कबुतरं कुठल्याही रेल्वे स्टेशनाच्या छताखाली दिसतात.

मग दाणे घालायचेच नाहीत का? तुमच्या भागात चिमण्या किंवा मुनिया असतील तर जरूर घाला, पण उघड्या ताटलीत नको. टांगता नळीसारखा फीडर घ्या, त्याची भोकं बारीक असू द्या, बसायची काडी बोटाच्या दोन पेरांपेक्षा लांब नको आणि खाली रुंद थाळी नको. चिमणी तिथे सहज बसते, कबुतराला पाय टेकायला जागा मिळत नाही. बाजरी, राळा, तांदळाची कणी यातलं काहीही चालतं. सकाळी घातलेलं दुपारपर्यंत संपेल इतकंच घाला, कारण रात्री उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टरफलं पडली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो, त्यामुळे फीडर गॅलरीच्या आतल्या बाजूला टांगलेला बरा. आणि कुंड्यांवर कीटकनाशक फवारणं थांबवा. जास्वंदीवरचा मावा आपल्याला नकोसा वाटतो, पण चिमणीच्या पिल्लाचं ते पहिलं अन्न आहे.

लहान मुलाला भरवताना ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ म्हणत आपण वाढलो, त्यामुळे ताटातलं उरलंसुरलं पक्ष्यांना द्यावं असं मनापासून वाटतं. साधा भात किंवा पोळीचा तुकडा क्वचित दिला तर बिघडत नाही. शेव, गाठिया, वेफर, मीठ-तेलाचं काहीही देऊ नका. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीवर कुरव म्हणजे सीगल पक्ष्यांना फरसाण उडवतात, तेही तितकंच वाईट. मासे आणि कालव-किडे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तळलेलं बेसन जातं, कशासाठी, तर आपल्याला सेल्फी हवा म्हणून.

फळं हा त्यामानाने चांगला मार्ग. पिकलेल्या पपईची फोड, केळ्याचा तुकडा किंवा अर्धा चिकू ग्रिलला तारेने खोचून ठेवला की बुलबुल येतात, कोकिळा येते, जवळपास मोठी झाडं असतील तर तांबटही येतो. संध्याकाळी उरलेलं फळ काढून टाका.

स्वच्छतेचं कारण थोडं सविस्तर सांगायला हवं. एरवी विखरून राहणारे पक्षी फीडरवर एकाच जागी चोच लावतात. एकाची लाळ दुसऱ्याच्या दाण्याला लागते. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच नावाचा बागेतला अगदी नेहमीचा पक्षी ट्रायकोमोनास या परजीवीमुळे मोठ्या संख्येने मेला आणि अस्वच्छ फीडर हे त्या रोगाच्या प्रसाराचं एक मोठं कारण मानलं जातं. हा परजीवी कबुतरांमध्येही असतो. आठवड्यातून एकदा फीडर गरम पाण्याने घासून, उन्हात पूर्ण वाळवून मगच भरा. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी येते, त्यामुळे जून ते सप्टेंबर दाण्याचा फीडर उतरवून ठेवणं उत्तम. त्या दिवसांत बाहेर गवताचं बी आणि किडे भरपूर असतात.

पाणी आणि फुलं

मला विचाराल तर मुंबईच्या गॅलरीत पहिली वस्तू ठेवायची ती पाण्याचं भांडं. दाणे न खाणारे पक्षीही पाण्यावर येतात: दयाळ, शिंपी, शिंजीर (सनबर्ड), नाचण, हिवाळ्यात एखादा माशीमारसुद्धा. पक्ष्यांना घाम येत नाही. मे महिन्याच्या दुपारी कावळा चोच उघडी ठेवून बसलेला दिसतो, तेव्हा तो श्वासातून अंगातली उष्णता बाहेर टाकत असतो आणि त्यात शरीरातलं पाणी खर्च होतं.

भांडं मातीचं, पसरट आणि उथळ हवं. कुंभाराकडे मिळणारं परळ किंवा कुंडीखालची मातीची थाळी झकास. पाणी दोन बोटं खोल पुरे, मध्ये एक चपटा दगड ठेवा म्हणजे शिंजीरासारख्या छोट्या पक्ष्याला उभं राहता येतं. स्टीलचं भांडं उन्हात तापतं आणि गुळगुळीत असल्याने पाय घसरतात. पाणी रोज बदला आणि बदलताना भांडं आतून ब्रशने घासा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी भिंतीवरच राहतात. कावळेही या भांड्यात कडक पोळी, कधी हाडाचा तुकडा भिजवायला आणतात. म्हणून घासणं चुकवू नका.

शिंजीरासाठी साखरपाणी ठेवावं का, हे बरेच जण विचारतात. ही पद्धत अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठीची. तो पक्षी भारतात नाही. आपल्या दमट हवेत साखरपाणी काही तासांत आंबायला लागतं आणि मुंग्यांची रांग लागते ती वेगळीच. त्यापेक्षा कुंडीत फुलझाड लावा. जास्वंद, हमेलिया, एक्झोरा, पावडरपफ यातलं एखादं झाड तीन-चार तास ऊन मिळालं तरी फुलतं. जास्वंदीवर शिंजीराला नीट बघा. फूल मोठं आणि चोच लहान, म्हणून तो पुष्कळदा समोरून चोच घालतच नाही. फुलाच्या बुडाशी बारीक भोक पाडून मध चोरतो. परागकणांना हातही न लावता काम उरकतो! सोसायटीच्या आवारात जागा असेल तर सिंगापूर चेरीचं झाड लावायला सुचवा. दोन-तीन वर्षांत ते वाढतं, जवळजवळ बाराही महिने बारीक लाल फळं धरतं आणि बुलबुल, तांबट, फुलटोच्या, हळद्या सगळे त्यावर येतात. फुलटोच्याचं खरं प्रेम मात्र बांडगुळावर. जुन्या आंब्यावर बांडगूळ दिसलं की माणसं ते तोडायला निघतात. त्याची फळं खाऊन हा अंगठ्याएवढा पक्षी चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं.

वर्ष कसं फिरतं

सुरुवात कधी करावी, तर नोव्हेंबरमध्ये. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची आणि १२ तारीख पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अलींच्या. सलीम अली आपल्या मुंबईचेच, खेतवाडीत वाढलेले. लहानपणी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका का, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पुढचं सगळं घडलं. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था आजही फोर्टात हॉर्नबिल हाउसमध्ये आहे.

नोव्हेंबरपर्यंत उत्तरेकडचे पाहुणे स्थिरावलेले असतात. करडा धोबी सप्टेंबरातच येतो आणि गच्चीवरच्या साचलेल्या पाण्याजवळ शेपटी वरखाली करत फिरतो. लाल छातीचा माशीमार, वटवट्या, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. मुलुंड, बोरिवली, गोरेगाव अशा नॅशनल पार्कला लागून असलेल्या इमारतींना हे पक्षी घरबसल्या दिसतात, बाकीच्यांना राणीच्या बागेत किंवा माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सच्या झाडांत शोधावे लागतात.

याच काळात जांभळ्या शिंजीराचा नर आपल्याला चकवतो. वीण संपल्यावर त्याचा झळझळीत निळा-जांभळा पिसारा गळतो आणि तो मादीसारखा फिका, पोटाखाली पिवळसर होतो. गळ्यापासून पोटापर्यंत उतरणारा एक गडद पट्टा तेवढा ओळखीपुरता उरतो. पुढे हळूहळू नवी पिसं येतात, तोवर तो ठिगळं लावल्यासारखा दिसतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा पूर्ण चमकायला लागतो. एकाच कुंडीवर, एकाच कोनातून, दर पंधरवड्याला त्याचा एक फोटो काढत राहा. ती मालिका शेजारी शेजारी लावली की पिसं बदलणं म्हणजे काय ते लहान मुलालाही न सांगता कळतं. बोटीवरून दिसणाऱ्या कुरवांचंही असंच आहे. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरं, डोळ्यामागे एक काळसर डाग. मार्चमध्ये परत जायच्या वेळेला काहींची डोकी पूर्ण तपकिरी झालेली असतात.

फेब्रुवारीत सावर आणि पांगारा फुलतात, तेव्हा गॅलरी सोडून झाडाखाली उभं राहा. मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवे, साळुंक्या, कोतवाल, पोपट, कावळे एकाच झाडावर कचाकचा भांडत असतात आणि सगळ्यांची तोंडं परागाने माखलेली असतात.

मार्चपासून आवाजांचे दिवस. दयाळ हिवाळाभर जवळजवळ गप्प असतो. आता तो झुंजुमुंजू व्हायच्या आधी अँटेनाच्या टोकावर बसून लांबलचक गातो. तांबट टुक टुक करत राहतो. प्रत्येक टुकला त्याच्या गळ्याची कातडी फुगते आणि तो डोकं इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय ते कळत नाही. त्याचं घरटं वाळक्या फांदीत कोरलेलं असतं. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत नेमक्या वाळक्या फांद्या जातात आणि ती छाटणी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन विणीत होते. आपल्या आवारात छाटणी होणार असेल तर आधी दोन दिवस झाड बघून ठेवा. गोल, आखीव भोक आणि त्यात जा-ये करणारा पक्षी दिसला तर तेवढी फांदी मागे ठेवायची विनंती करा. मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला की सहसा ऐकतात.

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला एक वेगळी गोष्ट घडते. नवरंग हा पक्षी पावसाबरोबर विणीसाठी येतो. तो रात्रीचा प्रवास करतो आणि शहरातल्या दिव्यांनी, काचांनी गोंधळून इमारतींवर आपटतो. जिन्यात, पार्किंगमध्ये हिरवा-निळा, पोटाला लाल असा पक्षी सुन्न बसलेला सापडला तर बहुधा तोच. त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, अंधारात आणि शांततेत ठेवा. चोच उघडून पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. तास-दोन तासांत पुष्कळदा तो सावरतो, मग झाडीजवळ सोडा. जखम दिसत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या काळात फोटो कमी मिळतात, पण बघायला खूप असतं. कावळ्याच्या घरट्यात वाढलेलं कोकिळेचं पिल्लू जुलै-ऑगस्टात बाहेर पडतं आणि काळा कावळा त्या परक्या पिल्लाच्या लालभडक तोंडात घास भरवताना दिसतो. मुनिया गवताची लांब पाती चोचीत धरून उडतात. कुंडीत गवत उगवलं असेल तर उपटू नका. ऑक्टोबरच्या उन्हात सगळेच पक्षी थोडे विसकटलेले दिसतात, कावळ्यांच्या पंखांत फटी दिसतात. जुनी पिसं जाऊन नवी येण्याचा तो काळ.

आता कॅमेरा

पहिला अडथळा ग्रिलचा. एक बोट डोळ्याच्या अगदी जवळ धरा आणि समोरच्या इमारतीकडे बघा. बोट नुसतं धूसर सावलीसारखं उरतं, त्यातून पलीकडचं दिसतं. लेन्सचंही तसंच. कॅमेरा ग्रिलपासून दोन फूट मागे असेल तर गज फोटोत येतात. लेन्स गजाला जवळजवळ टेकवली, छिद्र पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे एफ ४ किंवा ५.६, आणि पक्षी आठ-दहा फुटांवर असला की गज फोटोतून नाहीसे होतात. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीलाही हेच लागू. बंद काचेतून काढायचा असेल तर लेन्स काचेला चिकटवा आणि खोलीतला दिवा बंद करा, म्हणजे आपलं प्रतिबिंब येत नाही.

दुसरा मुद्दा उजेडाच्या दिशेचा. गॅलरी पूर्वेला असेल तर सकाळी तुम्ही बाहेर बघता तेव्हा सूर्य थेट तोंडावर आणि पक्षी नुसती काळी आकृती. शिंजीराच्या बाबतीत हे फार जाणवतं. त्याच्या गळ्याचा निळा-जांभळा झळाळ रंगद्रव्यामुळे नसतो. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो रंग तयार होतो आणि ठरावीक कोनातूनच दिसतो. म्हणून एका क्षणी कोळशासारखा दिसणारा पक्षी मान वळवताच झगमगतो. ऊन तुमच्या पाठीमागून किंवा खांद्याच्या बाजूने येत असेल तर हा झळाळ फोटोत येतो. यावर सोपा उपाय आहे. गॅलरीतून सरळ बाहेर न बघता तिच्या लांबीच्या दिशेने फोटो काढा. एका टोकाला भांडं आणि एक वाळकी फांदी बांधा, दुसऱ्या टोकाला तुम्ही. उजेड बाजूने येतो आणि मागची भिंतही लांब जाते. दक्षिणेकडच्या गॅलरीत हिवाळ्यात दिवसभर तिरकं, छान ऊन मिळतं. उत्तरेकडच्यांना बहुतेक वर्ष मऊ, सावलीतला उजेड मिळतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र मुंबईत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा तिथेही ऊन शिरतं.

त्या वाळक्या फांदीबद्दल दोन शब्द. पक्षी थेट भांड्यावर उतरत नाही. आधी जवळ कुठेतरी बसून धोका आहे का ते बघतो, मग खाली येतो. ही मधली बैठक तुम्ही दिलीत तर तो तिथेच बसतो आणि फोटोत ग्रिल, पाइप, केबल न येता फांदी येते. फांदीच्या मागे समोरच्या इमारतीचं काही नको असेल तर फांदी आणि पार्श्वभूमी यांत जेवढं अंतर ठेवता येईल तेवढं ठेवा. अंतर वाढलं की मागचं सगळं आपोआप विरघळतं.

शटरच्या वेगाचं सांगायचं तर बसलेल्या बुलबुलालाही १/२५० सेकंद तरी लागतं, कारण तोही डोकं सारखं हलवत असतो. शिंपी, शिंजीर यांच्यासाठी १/१००० आणि फुलासमोर फडफडणारा शिंजीर गोठवायचा तर १/२००० लागतं. शटर जितकं कमी वेळ उघडं, तितका उजेड कमी, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि फोटोत दाणेदारपणा येतो. तो येऊ द्या. थोडासा दाणेदार पण डोळा स्पष्ट असलेला फोटो हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही बरा.

कॅमेऱ्याला समोरचं जग मध्यम राखाडी असावं असं वाटतं. त्यामुळे चौकटभर काळा कावळा आला की तो त्याला उजळ करून राखाडी करतो, आणि पांढऱ्या आभाळावर बसलेला बुलबुल काळाठिक्कर करतो. पहिल्या वेळी एक्स्पोजर थोडं उणे करा, दुसऱ्या वेळी एक पायरी अधिक. काळ्या-पांढऱ्या दयाळाच्या वेळी पांढरा भाग सांभाळा. काळ्यातला तपशील नंतर उजळता येतो, जळालेला पांढरा काही केल्या परत येत नाही.

मोठी लेन्स नसेल तरी अडत नाही. मोबाइल छोट्या स्टँडवर लावून पाण्याच्या भांड्यापासून दीड-दोन फुटांवर ठेवा, ब्लूटूथचं बटण घेऊन खोलीत पडद्यामागे बसा. दोन-चार दिवस नुसता स्टँड तिथेच राहू द्या. पक्षी वस्तूला सरावतात, अचानक हलणाऱ्या हाताला नाही. फ्लॅश आणि शटरचा आवाज दोन्ही बंद ठेवा.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते आणि ती आत शिरली की काढणं महाग पडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पाकिटं घालून त्यात लेन्स ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. एसीच्या खोलीतून थेट गॅलरीत नेली तर काचेवर वाफ धरते. पिशवीतच ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

घरटं दिसलं तर

शिंपी कुंडीतल्याच पानांना टाके घालतो, शिंजीर कपड्यांच्या दोरीला कोळ्याच्या जाळ्याने विणलेली पिशवी लटकवतो, बुलबुल कुंडीतल्या अरेका पामच्या पानांत वाटी बांधतो. मुंबईत हे अगदी घरात येऊन घडतं. अंडी उबायला या छोट्या पक्ष्यांना साधारण दोन आठवडे लागतात आणि पिल्लं उडायला आणखी तितकेच. तेवढे दिवस त्या कोपऱ्यात पाणी घालणं आणि झाडणं जपून करा, आणि घरट्याचे जवळून फोटो काढू नका. नीट दिसावं म्हणून आडवं येणारं एक पान बाजूला केलं तरी घरट्यावर ऊन पडतं आणि कावळ्याला वाट मिळते. कावळा माणसाच्या नजरेवर फार बारीक लक्ष ठेवतो. आपण दिवसातून चारदा एकाच कुंडीत डोकावायला लागलो की तोही डोकावतो. आईबाप चोचीत अळी घेऊन लांबच्या फांदीवर थांबतात, तिथला फोटो घ्या. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणंही विणीच्या काळात टाळा. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर आला आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो.

पंख अर्धवट फुटलेलं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. बहुतेक वेळा आईबाप वरूनच ओरडत असतात.

काढलेल्या फोटोंना तारीख आणि जागा आपोआप लागलेली असते, ती फुकट घालवू नका. ‘ईबर्ड’ या अ‍ॅपवर गॅलरीतून दिसलेल्या पक्ष्यांची यादी टाकता येते, नाव ओळखता आलं नाही तर ‘मर्लिन’ फोटोवरून किंवा आवाजावरून सुचवतं, फक्त त्याचं उत्तर स्वतः एकदा पडताळा. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे जगभरातली पक्षीगणना, होतो. भारत त्यात २०१३ पासून आहे. किमान १५ मिनिटं एका जागी उभं राहायचं, दिसलेली प्रत्येक जात आणि तिची संख्या लिहायची. कबुतरं आणि कावळेही मोजायचे, चिमणी दिसली नाही तर तीही नोंद कामाची. चाळीच्या सज्जातून, शाळेच्या गच्चीवरून, ग्रिलमागून केलेली यादी चालते.